तापली की बंद, निवली की सुरू

तुम्हालाही हा अनुभव असेल बघा. रात्रभर दाढ ठणकते, डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की दुखणं एकदम गायब. घरात मिक्सर घरघरून थांबतो, दुकानात नेऊन बटण दाबलं की शहाण्यासारखा फिरतो. दुकानदार मिक्सरकडे बघत नाही, आपल्याकडे बघतो. "काही झालेलं नाही हो, तुम्ही जास्त भरत असाल." आपण ओशाळून परत येतो आणि दुसऱ्या दिवशी चटणी अर्धवट वाटलेली राहते.

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला मावशीकडे गेले होते. तिथे याच जातीचं एक दुखणं बघितलं. ते होतं एका जुन्या फियाट गाडीचं. मी कॉलेजात मराठी शिकवते. गाडीचं बॉनेट कुठून उघडतात हेही मला परवापर्यंत माहीत नव्हतं. तरीही ही हकीकत सांगावीशी वाटली, कारण ती नुसती गाडीची राहिली नाही.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, मूळचे बैलहोंगलचे. घरात मराठी, शाळा कानडी. मावशी धारवाडची. आपल्या भागात अशी घरं गल्लीगणिक सापडतील. काका १९७१ साली सुरतेला एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायला गेले आणि तिकडचेच झाले. सुरतेत मराठी माणूस नवा नाही. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं यंत्रमागांवर आणि कापडाच्या धंद्यात आहेत. पण बेळगावकडचं कानडी बोलणारं माणूस तिथे क्वचितच. त्यामुळे काका-मावशीचं कानडी हे त्या दोघांपुरतंच राहिलं. माझा मावसभाऊ, आमचा दादा, कानडी समजतो, तोडकंमोडकं बोलतोही, पण शिकला गुजराती शाळेत. वाचता येत नाही.

काकांनी १९७८ मध्ये जुनी फियाट घेतली. गाडी १९६७ ची, ११०० डिलाइट. चार सिलिंडर, १०८९ सीसीचं इंजिन, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली. ही कंपनी १९४४ साली काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, त्यामुळे काका गाडीला कधी इटालियन म्हणत नाहीत. "आपल्या सोलापूरकरांची आहे" म्हणतात. याच घराण्यातल्या गाडीला पुढे १९७४ मध्ये 'पद्मिनी' नाव मिळालं आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिनं निरोप घेतला तेव्हा लोकांनी तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढले. काकांची गाडी तिची थोरली बहीण.

आमच्या लहानपणी मे महिन्यात आम्ही सुरतेला जायचो तेव्हा याच गाडीतून डुमसच्या काळ्या वाळूवर जायचो. मागच्या सीटवर आम्ही पाच पोरं, मावशीच्या मांडीवर घारीचा डबा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरतेचा मोठा भाग बुडाला, तेव्हा ही गाडीही छपरापर्यंत पाण्यात होती. लोकांनी भंगारात द्यायला सांगितलं. काकांनी तीन महिने राबून ती पुन्हा उभी केली आणि चालवली.

यंदा मात्र गेले तर गाडी अंगणात आच्छादनाखाली, आणि किल्ली देवघराशेजारच्या खुंटीला. काका ८२ वर्षांचे. प्रकृती ठणठणीत. पण गाडीचा विषय निघाला की उठून आत जात. मी मावशीला विचारलं, "येनातु?"

मावशीनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपासून गाडीला एक खोड लागली होती. सकाळी पहिल्याच किल्लीला सुरू. वीस-पंचवीस मिनिटं छान चालायची आणि एकदम बंद. मग काही केल्या सुरू व्हायची नाही. आणि अर्ध्या तासानं, कुणी हातही न लावता, पहिल्या किल्लीला पुन्हा सुरू. जणू काही घडलंच नाही.

दादानं गाडी एका गॅरेजला नेली. त्यांनी सांगितलं, पेट्रोलमध्ये कचरा आहे. टाकी आणि कार्ब्युरेटर साफ केला. आठ दिवसांनी गाडी पुन्हा बंद. दुसऱ्या गॅरेजनं कॉईल बदलली, चारी प्लग नवे घातले. पुन्हा तेच. तिसऱ्यानं पुराची गोष्ट ऐकली आणि निकाल देऊन टाकला: वायरिंगमध्ये पाणी मुरलंय, सगळं काढून टाका. खर्चाचा आकडा ऐकून दादानं गाडी परत आणली. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी घडली होती. गाडी तिथे पोहोचेपर्यंत निवलेली असायची, आणि त्यांच्यासमोर एकदाही बंद पडली नाही. शेवटी कुणीतरी हळूच म्हणालं, "आजोबा चोक ओढून ठेवत असतील. या वयात विसरायला होतं." दादाला ते पटलं. पटलं म्हणजे काय, सोयीचं वाटलं.

आणि मग मार्च उजाडला. भाचीची बारावीची परीक्षा. दुपारचा पेपर, दादा कामावर, रिक्षा मिळेना. काका म्हणाले, मी सोडतो. तापीच्या पुलावर, ऐन उन्हात, गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. पोरगी उतरून धावत गेली, पुलापलीकडे तिला रिक्षा मिळाली, घंटा झाल्यावर दहा मिनिटांनी ती वर्गात पोहोचली. तिला बसू दिलं, पेपरही बरा गेला, ती पास झाली. पण काका गाडी तिथेच लावून चालत शाळेपर्यंत गेले आणि पेपर सुटेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. रात्री त्यांनी किल्ली खुंटीला लावली. "माझा हात आता भरवशाचा राहिला नाही," एवढंच बोलले. त्यानंतर गाडीच काय, दादाच्या स्कूटरवर मागे बसायलाही तयार नसत.

दादानं गाडी विकायची ठरवलं होतं. मी पोहोचले त्याच आठवड्यात एक खानदेशी मिस्त्री गाडी बघायला आला. लिंबायतला त्याचं छोटं गॅरेज आहे. तो आला होता विकत घ्यायला, सुटे भाग काढण्यासाठी. त्यानं बॉनेट उघडलं, किल्ली फिरवली, गाडी सुरू. "चालू गाडी का विकताय?" त्यानं विचारलं. दादानं सगळं पुराण सांगितलं. मिस्त्री ऐकत होता. मग म्हणाला, "चालवतं कोण?"

"बाबा चालवायचे."

"मग बाबांना विचारतो."

काका नाइलाजानं बाहेर आले. मिस्त्रीनं त्यांना एकच प्रश्न विचारला. "बाबा, बंद पडते तेव्हा कशी पडते? हुंदके देत देत, का दिवा मालवल्यासारखी?"

काका ताठ झाले. दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. "दिवा मालवल्यासारखी," ते म्हणाले. "एकदाही हुंदका नाही."

"म्हणजे पेट्रोल नसावं," मिस्त्री म्हणाला. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आचके देते, ओढत नाही, मग थांबते. एका क्षणात सगळं शांत झालं तर आधी विजेकडे बघायचं. हा काही अटळ नियम नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून ठरतं. "आणि किती चालल्यावर? अंदाजे सांगा."

"अंदाजे कशाला?" असं म्हणून काका आत गेले आणि एक लांबट वही घेऊन आले. पन्नास वर्षं हिशेब लिहिलेला माणूस. गाडीच्या पेट्रोलची, तेलपाण्याची आणि प्रत्येक वेळी बंद पडल्याची नोंद त्या वहीत होती. दादानं वही चाळली आणि मिस्त्रीकडे दिली. मिस्त्रीनं चाळली आणि दादाकडे दिली. सगळी वही कानडीत होती, आकड्यांसकट. काकांनी पहिली अक्षरं बैलहोंगलच्या शाळेत गिरवली, त्यामुळे स्वतःपुरतं लिहायचं ते कानडीतच. कानडी दोन आणि तीन आपल्या ओळखीचे वाटतात, पण पुढे गाडी अडते. दादाला ती वही घरात आहे हे माहीत होतं, पण ती कधी कामाची वाटली नव्हती.

मी वही हातात घेतली. शाळेत सक्तीनं शिकलेलं कानडी इतक्या लांब येऊन असं उपयोगी पडेल, असं वाटलं नव्हतं. मी मोठ्यानं वाचू लागले आणि मिस्त्री एका कागदावर लिहून घेऊ लागला. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, किती किलोमीटर झाले, 'बिसिलु' की 'मळे', म्हणजे ऊन की पाऊस, मग 'निंतितु', म्हणजे थांबली, आणि किती मिनिटांनी पुन्हा सुरू झाली ते. एकूण एकोणीस नोंदी. उन्हाळ्यात गाडी दहा-अकरा किलोमीटरवर थांबत होती, थंडीत चौदा-पंधरावर. भर पावसात एकदाही नाही.

"पुराचं पाणी मुरलं असतं तर पावसात त्रास झाला असता," मिस्त्री म्हणाला. "हे उन्हाचं दुखणं आहे. मागे जा. पहिल्या नोंदीच्या आधी काय केलं होतं?"

मी पानं उलटली. पहिल्यांदा थांबण्याच्या तीन महिने आधी एक ओळ होती: सर्व्हिसिंग, तेल बदललं, पॉइंट-कंडेन्सर सेट नवा.

मिस्त्री हसला, पण काही बोलला नाही.

इथे जरा थांबून हे पॉइंट आणि कंडेन्सर काय असतं ते सांगते. मला मिस्त्रीनं आणि काकांनी मिळून जसं समजावलं तसं. पेट्रोल गाडीच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा भरते, दाबली जाते आणि नेमक्या क्षणी प्लगमधून ठिणगी पडली की पेटते. बॅटरी तर १२ व्होल्टची, तिच्यानं एवढी ठिणगी उडत नाही. त्यासाठी कॉईल. कॉईलमध्ये एकावर एक तारेचे दोन गुंडाळे असतात: एक जाड तारेचा, थोड्या वेढ्यांचा, आणि दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो वेढ्यांचा. जाड तारेतून वीज वाहत असताना ती झटक्यात तोडली, की बारीक तारेत काही हजार व्होल्टचा दाब उसळतो. घरात नळ एकदम बंद केला की पाइपात 'धाड्' आवाज होतो ना, तसंच काहीसं. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवलेल्या तत्त्वावर हे चालतं.

ही वीज तोडण्या-जोडण्याचं काम करतात ते पॉइंट. दोन छोटे धातूचे ठिपके, एकमेकांना चिकटतात आणि सुटतात. सुटतात तेव्हा मधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर. तेवढ्या वेळा ते पॉइंट उघडतात आणि मिटतात. पुढे कुठल्या प्लगला ठिणगी द्यायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. जुने मिस्त्री त्याला 'डेल्को' म्हणतात. मला हा शब्द गमतीचा वाटला म्हणून शोधला. अमेरिकेतल्या डेटन गावात चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ मध्ये एक कंपनी काढली, तिच्या नावातल्या अक्षरांवरून झालेला हा शब्द. त्यांची ही पद्धत १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आली आणि पुढे जवळजवळ साठ-सत्तर वर्षं जगभरच्या गाड्यांत राहिली. कंपनीचं नाव लिंबायतच्या गॅरेजात वस्तूचं नाव होऊन बसलंय, जसं आपल्याकडे कुठलाही प्लग 'मायको'च असतो. ती १९५१ ची बेंगळूरची कंपनी.

राहिला कंडेन्सर. अंगठ्याएवढी पत्र्याची डबी, डिस्ट्रिब्युटरच्या अंगालाच बसवलेली. पॉइंट उघडले की वाहती वीज त्या फटीतून उडी मारू बघते. तशी मारली तर पॉइंट जळतात आणि वीज 'झटक्यात' तुटत नाही, मग ठिणगी कसली? म्हणून त्या क्षणापुरती ती वीज कंडेन्सर आपल्या पोटात घेतो. आत असतात धातूच्या पातळ वर्खाच्या दोन लांब पट्ट्या, मध्ये वीज अडवणारा कागद किंवा प्लॅस्टिक, आणि सगळं गुंडाळलेलं. सुरळीच्या वडीसारखं. सुरतेत तिला खांडवी म्हणतात. ह्या खांडवीचे पदर एकमेकांना टेकता कामा नयेत.

आता पुन्हा अंगणात येऊ. मिस्त्री म्हणाला, "इथे उभी करून काही दिसणार नाही. दुखणं असतानाच बघायला पाहिजे. बाबा, चला डुमसला."

"मी?" काका म्हणाले. "दादा चालवेल."

"नाही. तुम्हीच. रोज चालवता तशी. तुमचा हात चुकतो का तेही मला बघायचंय."

काका मावशीकडे बघत राहिले. मावशी म्हणाली, "होगरी, नान बर्तीनि." जा तुम्ही, मी येते. आणि ती लुगडं सावरून मागे माझ्या शेजारी येऊन बसली. पुढे काका आणि मिस्त्री, मागे आम्ही तिघं. दुपारचे तीन वाजले होते. दिवाळी झाली तरी सुरतेचं ऊन चांगलंच होतं. काकांनी चोक ओढला, गाडी सुरू केली आणि दोन मिनिटांनी चोक परत आत ढकलला. मिस्त्रीनं दादाकडे मागे वळून बघितलं. दादा खिडकीबाहेर बघू लागला.

तेरा किलोमीटर झाले आणि डुमसच्या रस्त्यावर गाडी थांबली. खरोखर दिवा मालवल्यासारखी. काकांनी ती घरंगळत कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. दादा किल्लीकडे हात नेणार तोच मिस्त्री ओरडला, "कुणी काही करू नका! आता आपल्याकडे पंधरा-वीस मिनिटंच आहेत. निवली की पुरावा गेला."

पहिल्यांदा त्यानं पेट्रोल तपासलं. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडून बाटलीत धरली, दादानं किल्ली फिरवली, बाटलीत पेट्रोलच्या चिळकांड्या. पेट्रोल येत होतं. नळी परत घट्ट बसवली, सांडलेलं पुसलं, बाटलीला बूच लावून लांब नेऊन ठेवली, आणि मगच पुढच्या कामाला हात घातला. गरम इंजिन, पेट्रोल आणि ठिणगी ही तिन्ही एकत्र असताना हे उद्योग घरच्या माणसांनी करायचे नाहीत, हे त्यानं बजावून सांगितलं, म्हणून मीही सांगते.

मग डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून जरासं दूर ठेवलं. किल्ली फिरवली. ठिणगी नाही. पिवळीसुद्धा नाही. म्हणजे दोष विजेतच, हे नक्की झालं. पण विजेत कुठे? कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, वायर, कुठेही असू शकतो.

मिस्त्रीनं खिशातून एक साधा बल्ब काढला, दोन वायरी जोडलेला. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, इंजिन हातानं थोडं फिरवून पॉइंट उघडे केले. किल्ली चालू. बल्बची एक वायर कॉईलकडून पॉइंटकडे येणाऱ्या जोडावर टेकवली, दुसरी गाडीच्या लोखंडावर. "पॉइंट उघडे आहेत, म्हणजे विजेला जायला दुसरी वाट नाही. ती बल्बमधून गेली पाहिजे. बल्ब लागला पाहिजे."

बल्ब लागला नाही.

"म्हणजे वीज तिसऱ्याच वाटेनं पळतेय." त्यानं कंडेन्सरची छोटी वायर स्क्रू सैल करून बाजूला केली. बल्ब लख्ख लागला. वायर परत टेकवली, बल्ब विझला. काढली, लागला. तीनदा करून दाखवलं. शेवटच्या वेळी काका स्वतः वाकून बघत होते.

दुखणं सापडलं होतं. त्या नव्या कंडेन्सरच्या आत कुठेतरी पदर कच्चा होता. थंड असताना पट्ट्या एकमेकींपासून सुट्या. इंजिनच्या उष्णतेनं डबी तापली, आतलं सगळं जरासं फुगलं की पट्टीला पट्टी टेकायची आणि वीज पॉइंटना वळसा घालून सरळ लोखंडात जायची. मग पॉइंट उघडोत की मिटोत, वीज तुटायचीच नाही. वीज तुटत नाही म्हणून ठिणगी नाही. अर्ध्या तासात डबी निवली, पट्टी सुटली, गाडी सुरू. बंद पडल्यावर लगेच सुरू न होण्याचं कारणही हेच: वारा लागायचा थांबला की बॉनेटखालचं तापमान आधी थोडं वाढतं, मग उतरतं.

तिन्ही गॅरेजांनी कंडेन्सर का बघितला नाही? कारण तो नवा होता. नवी वस्तू बिघडलेली कशी असेल?

"दुसरा कंडेन्सर आत्ता कुठून आणायचा?" दादा म्हणाला. काकांनी डिकी उघडली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. गाडीतून निघालेली कुठलीही वस्तू त्यांनी कधी टाकलेली नाही. दोन वर्षांपूर्वी 'सेट नवा' बसवताना निघालेला जुना कंडेन्सर त्यात कागदात गुंडाळून ठेवलेला होता. कागदावर कानडीत तारीख. मिस्त्रीनं तो जोडला. पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली, रस्ता अजून तापलेला असतानाच.

आम्ही डुमसला गेलो. टोमॅटोची भजी खाल्ली. काकांनी दोन प्लेट. परत येताना गाडी एकदाही थांबली नाही, आणि घरापर्यंत काकांनीच चालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री पुन्हा आला आणि त्यानं मुद्दाम तो वाईट कंडेन्सर परत जोडून दाखवला. गाडी झटक्यात सुरू. थंड असताना अगदी निर्दोष. "आता सांगा," तो म्हणाला, "गॅरेजवाल्याला काय दिसणार?" दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. तिच्यापायी एक धडधाकट माणूस आठ महिने स्वतःच्या हातावर संशय घेत बसला होता.

परतीच्या रेल्वेत मी याच गोष्टीचा विचार करत होते. सतत बिघडलेली वस्तू त्यामानानं सरळ असते, कुणीही बघून सांगतं. येऊन-जाऊन असणारा बिघाड मात्र बघायला गेलं की लपतो, आणि मग संशय सांगणाऱ्यावर येतो. माझ्या वर्गात एक मुलगी शेवटच्या तासाला डोकं दुखतंय म्हणून बसायची. आम्ही सगळे तिला कामचुकार समजत होतो, कारण सकाळच्या तासाला ती हसतखेळत असायची. पुढे तिला चष्मा लागला. दिवसभर डोळे ताणून दुपारी डोकं ठणकायचं. आम्ही तिला बघत होतो सकाळी, आणि निकाल देत होतो दुपारचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी चक्कर येते, दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठीक निघतं, आणि आपण म्हणतो, 'वय झालं.' खरं म्हणजे अशा वेळी दोनच गोष्टी करण्यासारख्या असतात. कधी होतं, त्याआधी काय केलं होतं, किती वेळ टिकतं, हे लिहून ठेवायचं, आणि ते लिहिलेलं योग्य माणसाला दाखवायचं. आणि जमलं तर दुखणं हजर असतानाच बघायचं. काकांनी यातलं पहिलं काम चोख केलं होतं. बाकीचं आमच्याकडून राहिलं होतं.

गाडी विकायचा विचार दादानं सोडला. परदेशात काटेकोरपणे 'व्हिंटेज' म्हणतात ते १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांना, पण आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद करता येते. तशी नोंद केली तर रोजच्या वापराला मात्र गाडी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. काका त्याला तयार नाहीत. गाडी भाजी आणायला उपयोगी पडली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. त्यावर बापलेकांचा वाद अजून चालू आहे. मावशी मधून मधून "स्वल्प तडी" म्हणून दोघांना थोपवते.

परवा भाचीचा फोन आला होता. तिला कानडी आकडे एक ते शंभर लिहून हवे होते. मी म्हटलं, आजोबा घरात आहेत की. तर म्हणाली, "आत्या, आजोबा शिकवतातच आहेत. पण बाबांना त्यांच्यासमोर विचारायला लाज वाटते. बाबांसाठी हवेत."

मी त्याच दिवशी लिहून पोस्टात टाकले.